दहा दिवसांच्या गोळ्या

अगं, तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज निवांत बसून लिहितोय. वर्गात सर म्हणाले की देशादेशांत नीतीबिती काही नसते, असतात ते फक्त हितसंबंध, आणि तेव्हापासून तुला वाटतंय की मग हा आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय घेतलाच कशाला. सर चुकीचं सांगत नाहीयेत. पण मी जे बघितलंय ते त्यांच्या वाक्यात मावत नाही.

1999 साली मी मिरजेत एका मेडिकलमध्ये काउंटरला होतो. एक बाई यायची, नवरा ट्रकवर ड्रायव्हर, त्याला एचआयव्ही. चिठ्ठी चार घड्या घालून पुढे सरकवायची, तोंडाने नाव घ्यायची नाही. मग कमरेच्या पिशवीतून नोटा काढून मोजायची, परत एकदा मोजायची, आणि म्हणायची, दहा दिवसांच्याच द्या. या गोळ्या रोज, न चुकता, जन्मभर घ्यायच्या असतात, मध्येच थांबलं की व्हायरस औषधाला सरावतो, हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी कात्रीनं स्ट्रिप कापून तिच्या हातात देत होतो. नंतर ती यायची बंद झाली. औषध रॅकवर तसंच होतं.

तेव्हा मला वाटायचं ही फक्त गरिबीची गोष्ट आहे. मग पेपरात आफ्रिकेच्या बातम्या वाचायला लागलो. तिकडे लाखो माणसं मरत होती आणि तीन औषधांचा कोर्स माणशी वर्षाला 10 ते 15 हजार डॉलरला होता, कारण पेटंट, म्हणजे ते औषध बनवायचा-विकायचा हक्क एकाच कंपनीकडे. दक्षिण आफ्रिकेनं 1997 मध्ये स्वस्त औषधं आणता यावीत म्हणून कायदा केला तर 39 कंपन्या त्यांच्यावर कोर्टात गेल्या. आणि फेब्रुवारी 2001 मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या प्रमुखांनी, युसूफ हमीदांनी सांगितलं, तोच कोर्स आम्ही वर्षाला 350 डॉलरला देतो. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी! एप्रिलमध्ये त्या 39 कंपन्यांनी केस मागे घेतली, जगभरातून इतकी छी थू झाली होती.

आता हे नीट बघ, कारण तुला इथेच काम आहे. सिप्ला ती औषधं बनवू शकली कारण आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर होतं. दुसऱ्या पद्धतीनं बनवा, विका. त्याच्या मागे न्यायमूर्ती अय्यंगार यांचा 1959 चा रिपोर्ट होता. त्या लोकांच्या डोक्यात आपला पेशंट होता, युगांडा नव्हता, एड्स तर तेव्हा माहीतच नव्हता. पण कोणीतरी टेबलाशी बसून एकेक कलम विचार करून लिहिलं आणि तीस वर्षांनी ते दुसऱ्या खंडात कामाला आलं. मला तरी नीती अशीच दिसलीये, भाषणात कमी आणि कलमांत जास्त.

नोव्हेंबर 2001 मध्ये दोहाला जागतिक व्यापार संघटनेनं जाहीरनामा काढला की ट्रिप्स करार, म्हणजे पेटंटबिटंटचे सगळ्या सदस्य देशांना लागू असलेले नियम, कुठल्याही देशाला लोकांचं आरोग्य सांभाळण्यापासून अडवत नाही आणि अडवूही नये. आफ्रिकन देश, ब्राझील, आपण, सगळ्यांनी मिळून ते मिळवलं. आणि हो, त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत टपालातून येणाऱ्या अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंच्या पाकिटांची भीती पसरली होती, तेव्हा त्यांचं सरकार स्वतःच त्यावरच्या सिप्रो या औषधाच्या कंपनीला पेटंट बाजूला ठेवायची धमकी देत होतं, मग आफ्रिकेला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? तर हितसंबंध होतेच, सर म्हणतात तसे, पण ती फट दिसताक्षणी आत शिरायला तयारीची माणसं तिथे हजर होती. आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून सरकारी दवाखान्यात हे उपचार फुकट सुरू झाले. त्या बाईला पाच वर्षं उशीर झाला.

एक गोष्ट मला अजून टोचते, ती तुझ्यापासून लपवत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनंच मागणी केली की कोविडच्या लसी-औषधांवरची पेटंटं तात्पुरती बाजूला ठेवा, श्रीमंत देशांनी दोन वर्षं घोळवून जून 2022 मध्ये अगदी थोडकं दिलं, तेही फक्त लसींपुरतं. त्यांच्यावर मी खूप चिडलो होतो. कॅनडासारख्यांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस बुक करून ठेवले होते. पण 2021 च्या दुसऱ्या लाटेत आपणही पुण्यातून बाहेर जाणारी लस थांबवली आणि आफ्रिकेत पहिला डोस घेतलेले दवाखान्यातले लोक, नर्सबिर्स, दुसऱ्या डोसची वाट बघत राहिले. त्या एप्रिलमध्ये आमच्याच घरच्या माणसाला बेड मिळत नव्हता, तेव्हा कोणी मला विचारलं असतं तर मीही म्हणालो असतो, थांबवा. आजही मला नक्की सांगता येत नाही की चूक होतं. पण ती वाट बघणारी नर्स डोक्यातून जात नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं.

तर विषय सोडू नकोस. फक्त मोठमोठ्या शब्दांत अडकू नकोस, करार मुळातून वाच, औषधाची बनवायची किंमत किती आणि विकायची किती ते शोध, कोण कुणाच्या नावानं टेबलाशी बसलंय ते बघ. आणि कंपनीनं नफा कमावला म्हणजे तिचं चांगलं काम खोटं, असं लगेच ठरवू नकोस, सिप्लाही धंदाच करत होती.

रविवारी घरी ये. दोहाचा तो जाहीरनामा सातच परिच्छेदांचा आहे, प्रिंट काढून आण, चौथ्या परिच्छेदापाशी आपण जरा जास्त वेळ बसू.

तुझा,
काका