परभाषिक मुलांची व्याकरणाची प्रत्येक चूक दुरुस्त करावी का?

आंबा बागांवर राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं तुमच्या वर्गात आहेत, ती 'होडी आला', 'जाळं फाटला' असं बोलतात, आणि दर वेळी टोकावं की सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय. देवगडकडे मी अशाच मुलांना मराठी शिकवतो. माझं मत: टोका, पण बरोबर रूप लगेच हातात देऊ नका.

मूल म्हणतं 'जाळं फाटला', आपण 'हो का, जाळं फाटलं?' म्हणून पुढे जातो. मुलाला वाटतं, सरांना कळलं, झालं. चूक त्याच्या लक्षातच येत नाही. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवर लिस्टर आणि रांटा यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. तिथे शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के अशाच होत्या, आणि त्यांतल्या जेमतेम ३१ टक्क्यांवर मुलांनी काही प्रतिसाद दिला. वाक्य अर्धवट सोडून शब्द मुलाकडूनच काढून घेतला, तिथे मात्र दर वेळी मूल काही ना काही बोललं. नेहमी बरोबरच बोललं असं नाही, पण डोकं चालवलं.

म्हणून मी 'जाळं...?' एवढंच म्हणतो आणि थांबतो. घाई करत नाही. 'फाट... फाटलं', असं येतं. एकदा स्वतः सुधारलं की पुढच्या वेळी ते मूल अडखळतं तरी, आणि ते अडखळणं मला फार मोलाचं वाटतं.

पण ज्याचं लिंगच त्याला माहीत नाही, तिथे विचारून छळू नका. नेपाळीत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखी तीन लिंगं नसतात. तो बांगडा, ती होडी, ते जाळं, असं सर्वनामासकटच नाम शिकवा. शिकवून झालेलं तेवढंच काढून घ्या.

'माका', 'खंय' याला चूक म्हणू नका हो! ती जेटीवर मित्रांकडून उचललेली मालवणी आहे. लिहिताना 'मला', 'कुठे' शिकवलं की पुरे. आणि मूल गावच्या आजीबद्दल सांगत असेल तर व्याकरण मध्ये आणूच नका, आधी ऐका.

वही लाल करण्यातही अर्थ नाही. आठवड्याला एकच मुद्दा धरा, तेवढ्याच चुकांखाली रेघ मारा आणि बरोबर रूप त्याचं त्याला लिहू द्या.