जागतिक नागरिक सभा: माणसं कशी निवडायची आणि सूत्रं कोणाच्या हाती द्यायची?

तुमचा प्रश्न असा आहे: जगभरातल्या सामान्य माणसांची सभा भरवायची ठरली, तर माणसं निवडायची कशी आणि ती सभा चालवायची कोणी? निवडीचं उत्तर बरंचसं तयार आहे. चालवण्याबद्दल मात्र फारच कमी बोललं जातं, आणि सभा खरी की दिखाऊ हे तिथेच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

निवड मतदानाने नाही, सोडतीने करायची. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या निमित्ताने ‘ग्लोबल असेंब्ली’ भरली, तेव्हा आधी माणसांची नव्हे तर ठिकाणांची सोडत निघाली. जगाच्या लोकसंख्येच्या नकाशावरून 100 ठिकाणं निवडली गेली. वस्ती जितकी दाट, तितकी ते ठिकाण लागण्याची शक्यता जास्त. मग तिथल्या स्थानिक संस्थांनी आसपास फिरून काही इच्छुक गाठले, आणि त्या सगळ्यांतून दुसरी सोडत काढली. स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, हवामानबदलाविषयीचं मत या बाबतींत जगाशी मेळ बसेल अशा बेताने 49 देशांतले 100 जण निवडले. जगाची एकच मतदारयादी नसतानाही हे जमतं, हे मला फार मोलाचं वाटतं. एक कच्चा दुवा आहे: स्थानिक संस्था आपल्या ओळखीतलीच माणसं आणू शकते. म्हणून घरं कोणत्या क्रमाने गाठायची याचा नियम आधी लिहून ठेवायचा आणि तो पाळला का, हे दुसऱ्या कोणीतरी तपासायचं.

पण सोडत न्याय्य असली तरी गणित निर्दय असतं. 100 जागा आणि 800 कोटी माणसं, म्हणजे एका जागेमागे 8 कोटी. भारत आणि चीन मिळून पस्तीसेक जागा. समुद्राची पातळी वाढल्याने ज्याचं अस्तित्वच धोक्यात आहे त्या तुवालू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाची वस्ती साधारण 11 हजार; तिथल्या कोणाचं नाव निघायचं तर सात हजार सोडतींत एखादवेळी निघेल. काही जण म्हणतात, अशा देशांसाठी जागा राखून ठेवा. मला ते पटत नाही. एकदा राखीव जागा आल्या की त्या कोणाला आणि किती द्यायच्या यावर सरकारांची घासाघीस सुरू होते. त्यापेक्षा ज्यांना सर्वांत जास्त झळ बसते त्यांची साक्ष तज्ज्ञांच्याही आधी ऐकायची, असा नियम करावा.

मी दुभाष्याचं काम करते, त्यामुळे भाषेच्या मुद्द्यावर जरा थांबते. पाच-सहा जणांच्या गटात चार भाषा असल्या की प्रत्येक वाक्य इंग्रजीतून फिरून येतं. कोणी आक्षेप घेतला, तर तो शेवटच्या माणसाच्या कानी पडेपर्यंत चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. त्या माणसाने मान डोलावली की नोंद होते ‘सहमती’. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि दरवेळी मला आतून टोचतं. उपाय साधे आहेत, पण खर्चिक आहेत: दुप्पट वेळ, एका गटात शक्यतो दोनच भाषा, आणि प्रत्येक ठरावावर मत देण्याआधी तो आपल्या भाषेत लेखी वाचायला एक रात्र. मानधन, इंटरनेट, मुलं सांभाळायची सोय हे तर गृहीतच धरा. नाहीतर सवड असलेलेच येतील.

आता सूत्रांकडे येऊ. विषयपत्रिका कोण ठरवतं, ते आधी बघा. 2021 च्या सभेला प्रश्न दिला होता तो साधारण असा, की हवामान आणि परिसंस्थेच्या संकटाला मानवजातीने न्याय्य आणि परिणामकारक रीतीने कसं तोंड द्यावं. एवढ्या ऐसपैस प्रश्नातून जाहीरनामाच निघणार, आणि तोच निघाला. याउलट फ्रान्समध्ये 2019-20 मध्ये सोडतीने निवडलेल्या 150 नागरिकांना नेमकं विचारलं होतं: 2030 पर्यंत उत्सर्जन 1990 च्या तुलनेत किमान 40 टक्क्यांनी कमी कसं करायचं, तेही सामाजिक न्याय सांभाळून? त्यांनी 149 प्रस्ताव दिले.

प्रश्न, माहितीचं टिपण आणि शिफारशींचा मसुदा या तिन्ही गोष्टी आयोजक किंवा देणगीदार यांच्याकडे राहिल्या, तर सभासद फक्त हात वर करायला उरतात. यावर मला सापडलेली सर्वांत चांगली तोड पूर्व बेल्जियममधली आहे. तिथल्या छोट्याशा जर्मनभाषक समाजाने 2019 पासून 24 नागरिकांची एक कायमस्वरूपी परिषद नेमली आहे. विषय ती ठरवते, सभा वेगळी भरते, आणि शिफारस नाकारायची असेल तर त्या समाजाच्या स्वतःच्या संसदेला कारणं द्यावी लागतात. परिषदेतल्या प्रत्येकाची मुदत दीड वर्षाची असते आणि दर सहा महिन्यांनी तिच्यातली एक तृतीयांश माणसं बदलतात. जागतिक सभेची सूत्रं मी अशाच परिषदेकडे देईन, आधीच्या सभांमध्ये बसलेल्यांतून सोडतीने निवडलेल्या. कार्यालयातली माणसं तिने नेमायची, तज्ज्ञ तिने बोलवायचे, हिशेब तिने उघडे ठेवायचे. देणगीदाराला तिथे खुर्ची नाही, मग त्याने कितीही पैसे दिलेले असोत.

शिफारशींचं पुढे काय होतं? आयर्लंडच्या संसदेने 2016 मध्येच ठरवून टाकलं होतं की गर्भपाताविषयीचा नागरिक सभेचा अहवाल दोन्ही सभागृहांच्या समितीकडे जाईल. 99 नागरिक आणि अध्यक्ष म्हणून न्यायाधीश मेरी लाफॉय, अशी ती सभा होती. मे 2018 मध्ये सार्वमत झालं आणि 66.4 टक्के मतदारांनी गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी नागरिकांचे प्रस्ताव ‘जसेच्या तसे’ पुढे नेण्याचं आश्वासन दिलं होतं. त्यातले तीन त्यांनी थेट बाजूला ठेवले, पुढे कितीतरी पातळ झाले, आणि शेवटी सभासदांनीच सरकारला अगदी कमी गुण दिले. फरक होता तो पुढची वाट आधीच आखून ठेवण्याचा.

जगाला संसद नाही. हवामान परिषदेत निर्णय सर्वसंमतीने होतात, त्यामुळे एखादा देशही अडून बसू शकतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेची वाट बघत बसू नये. दहा-वीस देशांकडून सोडत काढण्याआधीच लेखी हमी घ्यावी: प्रत्येक शिफारशीला ठरलेल्या मुदतीत सकारण उत्तर देऊ, ‘नाही’ म्हणायचं असलं तरी. आणि पहिला विषय असा निवडावा, ज्यावर सरकारांच्या भूमिका अजून घट्ट झालेल्या नाहीत. माझी पसंती विचाराल तर पृथ्वी थंड ठेवण्यासाठी वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यप्रकाश परतवणारे कण सोडावेत का, हा प्रश्न. एकट्या देशालाही ते सुरू करता येईल, आणि पाऊस मात्र सगळ्यांचाच बदलू शकेल.