वाचकांचे प्रश्न: गच्चीवरचं डेक मे महिन्याच्या हिशोबाने बसवा

प्रश्न: नमस्कार. मनीष नगरला आमच्या घराची २० बाय १२ फुटांची गच्ची आहे, तिच्यावर डब्ल्यूपीसीचं डेक, म्हणजे पट्ट्यांची फरशी, टाकायचं ठरवून राहिलो. लाकडासारखं दिसते, वाळवी लागत नाही म्हणतात. मिस्त्री म्हणतो स्लॅबमध्ये पाईप ठोकून वरून पट्ट्या मारून देतो, दोन दिवसांत काम मोकळं. आधी काही पाहून घ्यावं लागते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: भाऊ, दोन दिवसांत होते काम, पण स्लॅबमध्ये ड्रिल मारायच्या आधी मिस्त्रीला थांबवा. प्रत्येक भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला छेद, आणि एकदा वर डेक बसलं की गळती नेमकी कुठून होऊन राहिली ते शोधायला अख्खं डेक उकलावं लागते. म्हणून पहिले गच्चीचे आऊटलेट बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा, खालच्या छताला ओल दिसली तर आधी ते काम करा. नंतर पट्ट्यांखालची पाईपांची फ्रेम रबराच्या पॅडवर नाहीतर उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पेडेस्टलवर (छोट्या पायांवर) नुसती ठेवायची, स्लॅबला भोक पाडायचं नाही.

आता खरी गोष्ट. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेली पट्टी, आणि प्लास्टिक म्हटलं की ते उन्हात लांब होणारच. आपल्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, आणि ते झालं सावलीतल्या हवेचं, उघड्या गच्चीवरची पट्टी त्याहून कितीतरी जास्त तापते. साधारण तीन मीटरची पट्टी डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत अंदाजे पाच मिलिमीटर लांब होऊ शकते. तेवढी जागा तिला टोकाशी नसेल तर ती वर उठते, दुसरा रस्ताच नसतो तिला.

हे मी स्वतः भोगलं आहे. आमच्या गच्चीवर डिसेंबरात काम झालं, ठेकेदाराने पट्ट्या एकमेकींना आणि पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) अगदी भिडवून बसवल्या, एक फट दिसत नव्हती आणि मलाही ते फार सुबक वाटलं होतं. मे लागला आणि दुपारी टक् टक् आवाज सुरू झाले, मग एका दिवशी मधल्या चार पट्ट्या कमानीसारख्या वर आल्या, पट्ट्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा निसटून पडल्या. आईचा पाय अडकला, ती पडता पडता वाचली. सगळं उकलून प्रत्येक टोक कापून पुन्हा बसवलं, तेव्हापासून त्रास नाही.

म्हणून टोकाला टोक जिथे येते तिथे पाच-सहा मिलिमीटर, भिंतीशी किमान दहा, आणि पट्ट्यांच्या बाजूला क्लिप जेवढी देते तेवढी साधारण पाच. काम थंडीत करत असाल तर टोकाची फट पूर्ण ठेवा, भर उन्हाळ्यात बसवत असाल तर पट्टी आधीच ताणलेली असते, तेव्हा थोडी कमी चालते. कंपनीचा कागद मागा आणि त्यातला आकडा मिस्त्रीच्या हातात द्या.

तुमच्या मापात एक चांगली सोय निघते पहा. आपल्याकडे २.९ मीटरची पट्टी बऱ्याच दुकानांत मिळते. अशा दोन पट्ट्या लांबीत ठेवल्या, मध्ये फट ठेवली की ५.८ मीटर आणि थोडं होते, तुमची २० फूट म्हणजे ६.१ मीटर. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच सोडून तिथे गोल दगड भरा, कटिंग जवळपास काहीच लागत नाही, नासाडी वाचते आणि पाणीही तिथून मोकळं जाते. पट्टीची रुंदी १५० मिलिमीटर आणि मधली फट धरली तर १२ फुटांत २३ ओळी बसतात, म्हणजे ४६ पट्ट्या, वरून दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेवा कारण पुढच्या लॉटचा रंग सहसा जुळत नाही.

खालच्या फ्रेमचे पाईप पट्ट्यांना आडवे येतात. ते गॅल्वनाइज्डच घ्या, साध्या लोखंडाला पावसाळ्यात गंज धरतो, आणि जिथे वेल्डिंग होईल तिथे झिंकचा रंग मारायला लावा. अंतर मात्र मिस्त्री हटकून वाढवते, पाईप वाचवायला. कागदावर १२ ते १६ इंच लिहिलेलं असते, आपल्या उन्हात तुम्ही १२ च धरा, आणि पोकळ पट्टी असेल तर यात सूट देऊच नका, नाहीतर मधात लचकते. दोन पट्ट्यांची टोकं भेटतात तिथे दोन पाईप लागतात, एका पाईपवर दोन्ही टोकं टेकवायची नाहीत. पाईप शक्यतो ढाळाच्या दिशेने ठेवा, ढाळाला आडवे ठेवले की प्रत्येक पाईप बांधासारखा पाणी अडवते, आणि डेकखाली साचलेलं पाणी म्हणजे डासांची पैदास, डेंग्यूच्या दिवसांत तर विचारूच नका. आऊटलेटच्या वर दोन-तीन पट्ट्यांचा उचलता येणारा तुकडा ठेवा, हात घालून कचरा काढता आला पाहिजे.

प्रश्न: फर्निचरवाल्याने किचन ट्रॉलीला वापरलेली डब्ल्यूपीसी शीटच डेकला लावून देतो म्हणून सांगितलं. स्वस्तात पडते. लावावी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: नाही दादा. नाव एकच असलं तरी वस्तू वेगळी आहे. दरवाजाच्या चौकटीला, ट्रॉलीला येते ती पीव्हीसी फोमची हलकी शीट, ती घराच्या आत ठीक. तिच्यावर चालायचं, उन्हात ठेवायचं असेल तर ती टिकत नाही. डेकिंगची पट्टी जड असते, अंगठ्याचं नख रुततही नाही. दुकानात 'आऊटडोअर डेकिंग' असं बिलावर लिहून घ्या.

प्रश्न: ताई, गडद कॉफी रंग आवडला आहे, पण लहान मुलं अनवाणी खेळतात. पाय भाजतील का? आणि कूलरचं पाणी सांडून पांढरे डाग पडतात, त्याचं काय? (एक आई, नागपूर)

उत्तर: भाजतील ताई. गडद रंग जास्त तापतो, आणि डब्ल्यूपीसी साध्या लाकडापेक्षा पायाला जास्त गरम लागते. दुकानातून फिका करडा आणि तुमचा कॉफी, दोन्हींचे तुकडे मागून आणा, दुपारी दोन वाजता गच्चीवर ठेवा आणि हात लावून पहा, मग ठरवा. कॉफीच हवा असेल तर वर हिरवी नेट ताणा आणि अकरा ते पाच मुलांना खाली ठेवा.

कूलरचे डाग म्हणजे बोअरच्या जड पाण्यातले क्षार. ओला फडका आणि मऊ ब्रश ताबडतोब फिरवला तर निघतात, वाळले की आधी थोडं पातळ व्हिनेगर एका कोपऱ्यात लावून पहा. तारेची जाळी किंवा लोखंडी खरवडणी नको, ओरखडे पडून तिथेच मळ बसते. कूलरखाली ट्रे ठेवा, त्याचा पाईप सरळ आऊटलेटपर्यंत न्या. आणि दिवाळीच्या पणत्या मातीच्या ताटलीत ठेवूनच लावा, तेलाचा डाग लगेच पुसला नाही तर पट्टीत मुरतो.