एल्कसाठी स्वस्तातली मॅग्नम: आधी कागद, मग कॅलिबर

तुमचा प्रश्न वाचला. एच-वन-बीवर डेन्व्हरला येऊन वर्ष झालंय, यंदा एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचंय, रायफल आणि स्कोप मिळून बजेट दीड हजार डॉलर, .३०० विन मॅग घ्यावी की ७ पीआरसी (दोन्ही जास्त जोराची, 'मॅग्नम' जातीची काडतुसं), आणि ६०० यार्डांवरून मारता येईल का. पण माझी नजर अडकली ती तुम्ही शेवटी जाता जाता टाकलेल्या ओळीवर: 'दुकानदार शिकारीचा परवाना मागतोय, लायसन्सवरच्या नावावरूनही कुरकुर करतोय, बहुतेक दुसरं दुकान बघेन.'

दुकान बदलू नका. तो माणूस तुमच्या भल्याचं सांगतोय.

मी वकील नाही, तुमच्या वकिलाला विचाराच. पण नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंही मना आहे. अपवाद थोडे, त्यातला आपल्या उपयोगाचा एक: अमेरिकेतला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. रेंजवर मित्राची रायफल हातात घेतली तरी हाच नियम लागू. एच-फोरवाल्यांनाही, म्हणजे तुमच्यासोबत आलेल्या कुटुंबीयांनाही. आणि एल्कचा परवाना त्या सीझनपुरताच असतो हे कुणी सांगत नाही. सीझन संपला, रायफल कपाटात राहिली, की अपवाद संपला. म्हणून दर मार्चमध्ये ससे-पक्ष्यांचा साधा वार्षिक परवाना काढून ठेवायचा. कोलोरॅडोत तो १ मार्च ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड झालेलंच असेल असं धरतो.

आता नावाचं. इथे माझी जखम आहे, थोडं लांबेल.

आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका ओळीत असतं. इथली एक खिडकी ते दोन्ही मिळून पहिलं नाव समजते, दुसरी वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाकते, तिसरी नुसतं आद्याक्षर ठेवते. एरवी काही अडत नाही. बंदूक घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरता तेव्हा अडतं, कारण त्यावर पूर्ण नाव लागतं, आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर लागतो, आणि पार्श्वभूमीची तपासणी त्या नावावरच होते. मी तेव्हा दुसऱ्या राज्यात होतो. राज्याचं आणि त्या खात्याचं नाव घेत नाही. ओळखपत्रावर त्यांनी वडिलांचं नाव आडनावाला चिकटवून छापलं. फॉर्म मी बरोबर भरला होता, पासपोर्ट पुढे ठेवला होता, तरी. दुरुस्तीला गेलो तर म्हणाले, आमच्या संगणकात वरून असंच आलंय, त्यांच्याकडून पत्र आणा. 'वरचे' म्हणाले, आमच्याकडे बरोबर आहे, चूक त्यांची, पत्र कसलं देऊ? दोन्हीकडे माणसं गोड बोलायची आणि दोन्हीकडे नव्याने रांग. रायफलचे पैसे भरलेले, ती दुकानाच्या तिजोरीत. दुकानदार म्हणाला, दोन कागदांवर दोन माणसं आहेत, मी कुणाच्या हातात देऊ? त्याचं बरोबरच होतं.

तोवर सीझन निघून गेला. रायफल काय, नंतर मिळाली. गेला तो टॅग, म्हणजे एक जनावर मारायची परवानगी. ती ड्रॉ काढून, सोडतीने मिळते; सोडतीत नंबर वर लागावा म्हणून वर्षानुवर्षं साठवलेले प्रेफरन्स पॉइंट त्यात संपले आणि परत शून्यापासून सुरुवात. ज्यांनी पॉइंट साठवलेत त्यांनाच कळेल काय ते. त्या खात्याकडून नंतर कार्ड आलं, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

तर रायफल बघायच्या आधी पासपोर्ट, आय-९४, ड्रायव्हिंग लायसन्स आणि शिकारीचा परवाना टेबलावर शेजारी शेजारी मांडा. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, पत्ताही सध्याचा हवा. शिवाय कोलोरॅडोत १ ऑक्टोबर २०२३ पासून खरेदीनंतर किमान तीन दिवस थांबावं लागतं. सीझनच्या आदल्या आठवड्यात दुकानात जाण्यात अर्थ नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. माझं मत: दोन्ही नकोत, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम घ्या. १९६२ पासून चालत आलेलं काडतूस आहे, छोट्या गावातल्या दुकानातही बहुधा मिळतं. विमानात बॅग हरवली तर याची किंमत कळते. ७ पीआरसी उत्तम आहे, वाद नाही, लांब जड गोळ्यांसाठीच बनवलंय, पण २०२२ चं आहे आणि डबा महाग पडतो. .३०० विन मॅग एल्कला आडवं पाडते, तशीच तुमच्या खांद्यालाही धक्का देते. त्याच वजनाच्या थर्टी-ओ-सिक्स या जुन्या, साध्या काडतुसाच्या रायफलपेक्षा तिचा दणका चांगलाच जास्त. पहिल्याच रायफलवर हे घेतलं की माणूस ट्रिगर दाबताना डोळे मिटायला शिकतो. ती खोड मग जन्मभर जात नाही. नळीच्या तोंडावर ब्रेक (वायू बाजूला सोडणारा तुकडा) लावला की धक्का कमी होतो, पण आवाज असा की कानाचं संरक्षण नसेल तर एका गोळीत कायमचं नुकसान.

रायफल म्हणाल तर वेदरबी व्हॅनगार्ड. जपानच्या होवा कारखान्यात बनते, थोडी जड आहे, आणि मॅग्नममध्ये जडपणा हा गुण. सॅव्हेज ११० चा ट्रिगर स्वतः हलका-जड करता येतो, तीही चांगली. टिक्का टी३एक्स लाइट सगळ्यांना आवडते, मलाही, पण मॅग्नममध्ये ती इतकी हलकी आहे की रेंजवर दहा गोळ्यांनंतर पुरे होतं. किमती रोज बदलतात, तरी या तिन्ही साधारण हजाराच्या आत बसाव्यात. उरलेले पैसे स्कोपमध्ये घाला. स्वस्त स्कोप मॅग्नमच्या धक्क्याने आतून हलतो आणि तुम्ही रायफलला शिव्या देता.

जुनी घेत असाल तर एकच तपासणी: नळीतल्या पिळाचा आकडा. जुन्या ७ एमएम मॅग्नमच्या नळ्यांमध्ये बहुतेक साडेनऊ इंचांना एक फेरा असतो, नव्या लांब गोळ्या त्यात नीट स्थिर होत नाहीत. १५०-१६० ग्रेन वजनाच्या साध्या गोळ्या मस्त जातात.

६०० यार्ड? नाही. माफ करा, पण नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तेवढ्या अंतरावर गोळीला दोन फुटांच्या आसपास ढकलतो आणि फुफ्फुसांची जागा जेमतेम दीड फूट. गोळी पोहोचेपर्यंत एल्क एक पाऊल पुढे टाकू शकतो. जनावर जखमी होऊन घळीत उतरलं की दिवसभर शोधत फिरा. पहिल्या वर्षी ३०० ची हद्द ठेवा, तीही बसून किंवा आडवं पडून, उभ्याने नाही. आणि मैदानावर काढलेला, कुठल्या अंतरावर गोळी किती खाली येते याचा तक्ता दहा हजार फुटांवर वापरू नका. हवा विरळ असते, गोळी तेवढी खाली येत नाही.

'शिकार करावीच का' हे इथे सुरू करू नका, त्याला वेगळा धागा काढा.

एक जाता जाता. तुमच्या युनिटमध्ये (शिकारीच्या नेमून दिलेल्या भागात) सीडब्ल्यूडीची, म्हणजे हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची, तपासणी सक्तीची आहे का ते बघा, नसली तरी डोकं देऊन करून घ्या. निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्येच. पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. निगेटिव्ह आलं तर पायाच्या नळ्या फेकू नका, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला लावा. एल्कच्या मांसाला चरबी जवळपास नसते, तेल नेहमीपेक्षा थोडं सढळ घाला.

कागद जुळवून झाले की लिहा, स्कोपचं मग बोलू.