रिव्हर्सला ब्रेकचा आवाज : आधी चाक शोधा, मग पार्ट बदला

पुढे जाताना गाडी गप्प आणि रिव्हर्स टाकून ब्रेक दाबला की आवाज, ही तक्रार या वेळी व्हॅनवाल्यांकडून इतकी आली की अख्खं सदर तिलाच दिलं आहे. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखीच दिसली. आवाज कुठून येतो हे न शोधताच पॅड, शू, ड्रम बदलले गेले, पैसे गेले आणि आवाज तसाच राहिला. म्हणून प्रत्येक उत्तरात पार्टच्या आधी तपासणी सांगितली आहे.

प्रश्न : माझी इको शाळेच्या मुलांसाठी चालते, नाशिकला. गेटसमोर गाडी मागे घेऊन ब्रेक दाबला की पुढच्या बाजूला एकदाच ‘टक’ होतं. मग पुढे निघाले की पहिल्या ब्रेकला परत एकदा ‘टक’. त्यानंतर पुन्हा रिव्हर्स घेईपर्यंत काही नाही. गॅरेजमध्ये नवे पॅड टाकले, तरी आवाज जात नाही.

उत्तर : ताई, दिशा बदलली की एकदाच ‘टक’ आणि मग शांतता, एवढ्यावरूनच निम्मं निदान होतं. डिस्क ब्रेकच्या पॅडला दोन्ही टोकांना कान असतात आणि ते ब्रॅकेटच्या खाचेत बसतात. पुढे जाताना ब्रेक दाबला की फिरणारी डिस्क पॅडला खाचेच्या एका टोकाला ढकलते. रिव्हर्सला डिस्क उलटी फिरते, पॅड सरकून दुसऱ्या टोकावर आपटतो आणि ‘टक’ होतं. नंतर तो तिथेच टेकलेला राहतो, म्हणून पुन्हा आवाज नाही. अगदी हलका ‘टक’ बऱ्याच गाड्यांना असतो, त्याने काही बिघडत नाही. पण काचा लावून आत ऐकू येत असेल तर खाचेत फट जास्त आहे. ती फट भरायला खाचेत पत्र्याच्या स्प्रिंगक्लिपा असतात. पॅड बदलताना त्या अनेकदा काढून टाकतात, नाहीतर ताण गेलेल्या जुन्याच परत बसवतात. नवे पॅड टाकूनही आवाज राहिला म्हणजे पहिला संशय या क्लिपांवरच घ्या.

आवाज खरंच पुढचा आहे ना, याची खात्री अशी करा. मोकळं, सपाट मैदान, गाडीत मुलं नाहीत, मागे कोणी उभं नाही. गाडी चालण्याच्या वेगाने रिव्हर्स घ्या आणि पायाचा ब्रेक न दाबता हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हळू वर ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. ‘टक’ आला तर मागचे ड्रम उघडायचे. नाही आला, आणि लगेच पायाच्या ब्रेकला आला, तर पुढचं चाक. पाच मिनिटांचं काम आहे आणि नको तो खर्च टळतो.

गॅरेजला सांगा की खाचेतला गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नव्या क्लिपा बसवा, कानांना आणि कॅलिपरच्या (पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस पातळ लावा. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

आणि हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट. कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले असतील तरी असाच ‘टक’ येतो, फक्त जरा जड. पॅडचं काम नुकतंच झालंय, त्यामुळे ही शक्यता आहेच. ते बोल्ट आजच टॉर्क पानाने तपासून घ्या. बोल्ट निखळला तर कॅलिपर जागेवर राहणार नाही, आणि तुमच्या गाडीत मुलं बसतात. क्लिपा दोन दिवसांनी आल्या तरी चालेल, बोल्ट थांबू शकत नाहीत.

प्रश्न : पुण्यात डिलिव्हरी व्हॅन चालवतो. मागचे ब्रेक शू नवे टाकले. तेव्हापासून सोसायटीच्या तळघराच्या उतारावर गाडी मागे उतरवताना ब्रेक धरला की ‘घूंऽऽ’ असा घुमणारा आवाज येतो. पुढे चालवताना एकदम शांत. शू खराब निघाले का?

उत्तर : शू खराब असतीलच असं नाही. तुमच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यात, त्याला आतून दाबणारे दोन शू आहेत, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. गाडी पुढे जाताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून तो जास्त जोर लावतो आणि जास्त झिजतो. मागचा त्या मानाने हलका टेकतो. रिव्हर्सला हे उलटं होतं आणि जास्त भार मागच्या शूवर येतो. तुमचे शू नवे आहेत. पुढच्या शूचं लायनर (शूवरचा घासणारा थर) थोडंफार ड्रमला जुळून आलं असेल, मागच्याचं अजून पूर्ण टेकतही नसेल. लायनरचा थोडाच भाग ड्रमला घासतो, त्यात उताराचा मंद वेग, अर्धवट दाबलेला ब्रेक आणि बंदिस्त तळघर. घुमणारच.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक बसू द्या. रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून मध्यम दाबाने १०-१५ पर्यंत आणा, थोडं अंतर चालवून ब्रेक गार होऊ द्या, मग पुन्हा. जोरात दाबून गाडी जागच्या जागी थांबवत बसू नका, लायनर तापून त्यावर चकाकी चढते आणि मग आवाज कायमचा राहतो.

एवढं करूनही घुमत असेल तर ड्रम उघडायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. ड्रमच्या आत बोट फिरवा, काठावर उंचवटा लागतो का? जुन्या शूने ड्रमला पडलेल्या खोबणीत नवा सपाट शू कधीच नीट बसत नाही. ड्रम लेथवर घ्यावा लागेल. पण ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढे जात असेल तर नवाच घ्या. मग शू काढून मागची प्लेट बघा. प्रत्येक शू ज्या उंचवट्यांवर सरकतो, तिथे झिजून खड्डा पडला असेल तर शूची कड त्यात अडकते आणि सुटते. हा खड्डा टॉर्चच्या उजेडात बघितल्याशिवाय लक्षात येत नाही आणि घाईत बरेच फिटर तिथे बघतच नाहीत. शेवटी व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळकांड्याचं) रबर उचलून ओल आहे का बघा. ब्रेक ऑइल लायनरला लागलं असेल तर ते धुऊन वापरू नका. सिलिंडर दुरुस्त करून दोन्ही बाजूंचे शू बदला.

ड्रममधली पूड हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. ती फुप्फुसात जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं वापरा. गॅरेजमधल्या पोरांसाठी हे आवर्जून सांगा.

प्रश्न : चिपळूणला ट्रॅव्हलर आहे. पावसाळ्यात सकाळी शेडमधून मागे काढताना मागची चाकं जाम असतात, मग ‘खाड्’ करून सुटतात. कधी नुसतीच करकर येते. काय करावं?

उत्तर : करकर म्हणजे रात्रभरात डिस्कवर आणि ड्रममध्ये धरलेला गंज. चार-सहा ब्रेकमध्ये तो निघून जातो, त्याची काळजी नको. चाक जाम होतं ते मात्र सवयीमुळे. कुंभार्ली घाट उतरून आल्यावर ड्रम तापून फुगलेले असतात. त्यावर हँडब्रेक करकचून ओढला की गार होताना ड्रम आकसतो आणि शूला आवळून धरतो. वर दमट हवा. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा आणि पावसाळ्यात रात्री हँडब्रेक ओढूच नका. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे मुळात ड्रम कमी तापतील. जाम झालंच तर एक्सिलरेटर दाबून झटका देऊ नका. गाडी हळू पुढे-मागे डोलवा. गंजाने पकडलेला लायनर झटक्याने शूपासून सुटू शकतो. ‘खाड्’ झाल्यानंतर ड्रममध्ये खडखड ऐकू आली तर एकही पॅसेंजर घेऊ नका, आधी ड्रम उघडा.

प्रश्न : जुनी ओम्नी आहे, सोलापूरला भाजी वाहतो. रिव्हर्सला ‘खट्’ असा दणका. ब्रेकचं सगळं काम करून झालं, फरक नाही.

उत्तर : मग तो ब्रेकचा नसावा. दणका क्लच सोडताना येतो की ब्रेक दाबल्यावर, एवढं आधी बघा.

क्लच सोडताना येत असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जोर देणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, संशय घ्या. रिव्हर्स गिअरमध्ये शाफ्टवर मोठा जोर येतो, तोही उलट्या दिशेने, त्यामुळे झिजलेला क्रॉस तिथेच बोलतो. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. आता खाली जाऊन शाफ्ट हाताने उजवी-डावीकडे फिरवा आणि नजर क्रॉसवर ठेवा. क्रॉसच्या दोन्ही बाजू एकत्र हलल्या पाहिजेत. एक हलते आणि दुसरी जागेवरच, किंवा टोप्यांजवळ तांबूस गंजाची पूड दिसते, तर क्रॉस संपला. डिफरन्शिअलमधली (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरांमधली) किंचित फट मात्र असायचीच, तिच्यामागे लागू नका.

ब्रेक दाबल्यावर येत असेल तर पाट्यांकडे, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगांकडे बघा. रिव्हर्सला ब्रेक लागला की मागचा ॲक्सल नेहमीच्या उलट पिळला जातो. ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट ढिले किंवा पाट्यांच्या टोकाच्या शॅकलचे (जोडपट्ट्यांचे) बुश गेलेले असले की ॲक्सल जागा सोडतो आणि दणका बसतो. भाजीच्या ओझ्याखाली हे बुश लवकर जातात. यू-बोल्ट आवळल्यावर थोडे दिवस माल भरून चालवा आणि पुन्हा आवळून घ्या.

प्रश्न : खडीच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यापासून ब्रेक न दाबताही कर्कश ‘चींऽऽ’.

उत्तर : डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकला असेल. मोकळ्या जागेत थोडं पुढे-मागे करा, बऱ्याचदा रिव्हर्सला खडा पडून जातो. नाही पडला तर चाक काढून पत्रा थोडा बाहेर वाकवायचा. पॅड बदलायला कोणी सांगितलं तर आधी त्यांची जाडी मोजून दाखवा म्हणावं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लायनर शिल्लक असेल तर बदलायचं कारण नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. मिनीव्हॅनला चारही डिस्क आहेत. हिवाळ्यानंतर रिव्हर्सला मागून घासल्याचा आवाज येतो. चाकाच्या फटीतून बघितलं तर पॅड जाड दिसतो.

उत्तर : फटीतून तुम्हाला बाहेरचाच पॅड दिसतो. तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकतात. मग पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकटाच झिजत राहतो. बाहेरचा जाड आणि आतला लोखंडापर्यंत गेलेला, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. चाक काढून आतला पॅड बघेपर्यंत लांब जाऊ नका. पेडल खाली जात असेल किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर गाडी टो करून न्या. स्वतः पॅड बदलणार असाल आणि पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल, तर आधी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे तो सर्व्हिस मोडमध्ये टाका. पिस्टन क्लॅम्पने जबरदस्तीने मागे ढकलला तर पार्किंग ब्रेकची मोटर किंवा तिची यंत्रणा बिघडू शकते, आणि ती पॅडपेक्षा कितीतरी महाग पडते.