बुडत्या गाडी कंपनीला करदात्याने वाचवावं का? वाचवायचं कोणाला ते आधी ठरवा

नफा झाला की मालकाचा आणि तोटा झाला की करदात्याच्या माथी, असं का, हा तुमचा प्रश्न. राग रास्त आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये जीएम (जनरल मोटर्स), फोर्ड आणि क्रायसलरचे तिन्ही मोठे साहेब मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते कंपनीच्या जेट विमानांनी, लोकांचं डोकं फिरलं ते काही उगीच नाही. तरी माझं उत्तर सरसकट 'नाही' असं नाहीये.

मी बरीच वर्षं पार्ट्स पुरवणाऱ्यांच्या बाजूला बिलांचं काम केलंय, त्यामुळे आधी तिकडचं सांगतो. सीट, वायरिंग, ब्रेक, डॅशबोर्ड, गाडीतलं कितीतरी सामान बाहेरच्या व्हेंडरकडून येतं आणि बहुतेक सगळं उधारीवर, माल आज गेला की पैसे ४५-६० दिवसांनी. त्या बिलांवर व्हेंडर बँकेकडून उचल घेतो आणि पगार, स्टीलवाल्याचे पैसे भागवतो. आता मोठ्या गिऱ्हाइकाचं दिवाळं निघणार अशी नुसती कुणकुण लागली की बँक त्या कंपनीची बिलं धरायचीच बंद करते. माल पोचलाय, चलनावर सही-शिक्का आहे, पण त्या कागदावर कोणी दमडी देत नाही. मग हा व्हेंडर आडवा झाला की त्याच्याकडूनच ब्रेक घेणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांची लाइन पण थांबते, ज्यांनी काहीच चूक केलेली नसते.

म्हणूनच फोर्डने स्वतः सरकारी मदतीचे पैसे घेतले नाहीत तरी त्यांचे प्रमुख अ‍ॅलन मुलाली अमेरिकन संसदेसमोर जाऊन जीएम आणि क्रायसलर 'या दोघांना मदत करा' म्हणाले. स्पर्धक मेला तर कोणाला नको असतं? पण व्हेंडर तेच होते ना. (फोर्ड तरली कारण २००६ मध्येच कारखान्यांपासून लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून सुमारे २३०० कोटी डॉलर उभे करून ठेवले होते, बाजारात कर्ज मिळणंच बंद व्हायच्या आधी.) मार्च २००९ मध्ये अमेरिकन सरकारने ५०० कोटी डॉलरची वेगळी योजना काढली, फक्त व्हेंडरच्या या बिलांना हमी द्यायला. अख्ख्या बेलआउटमधलं, म्हणजे बुडत्या कंपन्यांना दिलेल्या सरकारी मदतीतलं, मला सगळ्यात पटलेलं काम हेच, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

जीएमचं म्हणाल तर सरकारने सुमारे ४९५० कोटी डॉलर घातले, डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअर विकले तोवर हजार कोटींच्या वर गेले ते गेलेच. पण जुन्या मालकांना फुकट सोडलं असं नाही, १ जून २००९ ला कंपनी रीतसर दिवाळखोरीत गेली, जुने शेअर रद्दी झाले, जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना त्याआधीच घरी पाठवलं होतं. 'दिवाळखोरीच करायची होती तर सरकार कशाला' असं विचारतात, त्याचं कारण असं की दिवाळखोरीत पण कंपनी चालू ठेवायला रोजचा पैसा लागतो आणि त्या वर्षी एवढं कर्ज द्यायला एकही खासगी बँक तयार नव्हती. बाजार ठीक चालू असताना एखादी कंपनी फक्त भंगार गाड्या बनवते म्हणून बुडत असेल तर हे कारण लागू होत नाही, तेव्हा माझं मत बुडू द्या.

आणि पैसे देणार असाल तर वर आल्यावर वाटा मागा. १९८० मध्ये क्रायसलरला १५० कोटी डॉलर कर्जाची हमी दिली तेव्हा अमेरिकन सरकारने वॉरंट (पुढे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा हक्क) लिहून घेतले होते, क्रायसलरचे प्रमुख ली आयकोका यांनी १९८३ मध्येच, मुदतीच्या कितीतरी आधी, कर्ज फेडलं आणि वॉरंटमधून सरकारला ३० कोटी डॉलरच्या वर मिळाले. याच्या उलट ब्रिटिश लेलँड ही ब्रिटनमधली गाडी कंपनी, १९७५ मध्ये तिथल्या सरकारने ताब्यात घेतली, वर्षानुवर्षं पैसे ओतले पण कुठला कारखाना बंद करायचा हे ठरवायची हिंमत पहिली काही वर्षं कोणाची होईना. पुढे त्यातली रोव्हर हातोहात फिरत २००० मध्ये १० पौंडांना विकली गेली आणि २००५ मध्ये बुडाली, हजारो लोक घरी बसले. स्वीडनने मात्र आपल्याकडची साब ही गाडी कंपनी विकत घ्यायला सरळ नकार दिला, ती २०११ मध्ये गेली, त्याने देश काही बुडाला नाही.

नोकऱ्या वाचल्या म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, कोणाच्या? डेल्फी ही जीएममधूनच वेगळी काढलेली पार्ट्स कंपनी. तिथल्या मोठ्या युनियनच्या कामगारांची पेन्शन कमी पडली ती दिवाळखोरीतून बाहेर आलेल्या नव्या जीएमने भरून दिली, कारण कारखाना चालवायला युनियन लागते. त्याच कंपनीतल्या युनियन नसलेल्या पगारी स्टाफची पेन्शन मात्र कापली गेली, आणि ती माणसं वर्षानुवर्षं कोर्टात भांडून शेवटी हरली. बेलआउटच्या विरोधात बोलायचंच असेल तर जेट विमानं सोडा, हे काढा, याला माझ्याकडे तरी उत्तर नाही.