वाढ कुठून येते, ते आधी शोध

सप्रेम आशीर्वाद.

मुलाखतीसाठी लिहिलेलं तुझं कॅपकॉम या जपानी व्हिडिओ गेम कंपनीवरचं टिपण दोनदा वाचलं. मेहनत घेतली आहेस, हे पानापानावर दिसतं. पण सगळा भर तू पुढच्या वर्षी कोणते नवे गेम येणार यावर दिला आहेस. मुलाखत घेणाऱ्यांना ती यादी पाठ असते. ते तुला विचारतील की ही कंपनी वाढते कशाच्या जोरावर, आणि तो जोर टिकेल का. त्यासाठी तुला जुन्या गेमची विक्री बघावी लागेल.

मार्च 2025 ला संपलेलं आर्थिक वर्ष घे. त्या वर्षात कॅपकॉमने जवळपास 5 कोटी 19 लाख प्रती विकल्या. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'सारखा मोठा गेम त्याच वर्षात येऊनही, विकलेल्या प्रतींपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त प्रती आधीच्या वर्षांतल्या गेमच्या होत्या. आपल्याकडे पुस्तकांच्या प्रकाशकाचा संसार जसा जुन्या, खपणाऱ्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवर चालतो, तसंच हे आहे. फक्त इथे बहुतेक विक्री डिजिटल, म्हणून छपाई, गोदाम आणि न खपलेल्या प्रती परत येणं फारसं नाही.

एकच गेम जवळून बघ. 'रेसिडेंट इव्हिल 7' जानेवारी 2017 मध्ये आला. 2012 च्या सहाव्या भागावर चाहते नाराज होते, म्हणून कंपनीने मालिका पुन्हा भयाकडे वळवली आणि कॅमेरा थेट नायकाच्या डोळ्यांत आणला. पहिल्या दोन-तीन महिन्यांत विक्री अंदाजापेक्षा कमी भरली. तेवढ्यावर निकाल देणाऱ्याने हा गेम पडला असंच लिहिलं असतं. पण 2021 पर्यंत त्याच गेमच्या 1 कोटीहून जास्त प्रती गेल्या होत्या. हे कसं झालं? सुरुवातीला 60 डॉलरला असलेला गेम हळूहळू उतरत सेलमध्ये 8 डॉलरपर्यंत आला. प्रत्येक पायरीवर नवा गिऱ्हाईक मिळाला, आधी हौशी, मग काटकसरी, मग सहज म्हणून घेणारा. 2021 मध्ये त्याच कथेचा पुढचा भाग 'व्हिलेज' आला, तेव्हा त्याआधीची गोष्ट खेळायला लोक पुन्हा सातव्याकडे वळले. नव्या गेमची जाहिरात जुन्यालाही विकते, हे तुझ्या टिपणात कुठेच नाही.

आता पैशाचं गणित मांड. गेम बनवायचा खर्च बहुतेक करून सुरुवातीच्या काळातच वजा झालेला असतो. नंतर 8 डॉलरची प्रत विकली आणि स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानाने 30 टक्के कापले, तरी उरलेल्यातलं बहुतेक नफ्यात जातं. कंपनी दरवर्षी कामकाजाचा नफा किमान 10 टक्क्यांनी वाढवण्याचं लक्ष्य सांगते, आणि 2025 पर्यंत सलग 10 वर्षं तिने ते गाठलं. हिट-फ्लॉपच्या या धंद्यात इतकी सरळ रेघ नुसत्या नव्या गेमच्या बळावर येत नाही. 200 हून जास्त देश-प्रदेशांत डिजिटल विक्री, आरई इंजिन हे गेम बनवण्याचं स्वतःचं सामायिक तंत्र, आणि 2022 मध्ये जपानमधल्या कर्मचाऱ्यांच्या मूळ पगारात सरासरी 30 टक्के वाढ, हे सगळं त्याच साखळीत बसतं. शेवटचा मुद्दा लोक वगळतात. तू वगळू नकोस. दहा वर्षं खपेल असा गेम अनुभवी माणसं टिकली तरच बनतो.

याउलट विकत घेतलेली वाढ कशी असते, त्यासाठी स्वीडनचा एम्ब्रेसर ग्रुप ही गेम कंपनी अभ्यास. त्यांनी एकामागून एक स्टुडिओ घेतले. 2021 मधला गिअरबॉक्सचा सौदा 1.3 अब्ज डॉलरपर्यंत जाणारा होता. मे 2023 मध्ये 2 अब्ज डॉलरचा एक अपेक्षित करार फिसकटला आणि शेअर एका दिवसात 40 टक्क्यांहून जास्त कोसळला. त्याच ऑगस्टमध्ये 'सेंट्स रो' बनवणारा, 30 वर्षांचा व्होलिशन स्टुडिओ बंद झाला. 2024 मध्ये गिअरबॉक्स टेक-टू या अमेरिकी गेम कंपनीला 46 कोटी डॉलरना विकला. तिथल्या कारागिरांचा यात काय दोष होता? ताळेबंद वाचताना त्यामागे माणसं असतात, हे मला तुझ्या लिखाणात दिसायला हवं.

म्हणून कॅपकॉमचं गुणगान गाऊन थांबू नकोस. तिची दुखरी जागाही दाखव. 'वाइल्ड्स' 28 फेब्रुवारी 2025 ला आला, तीन दिवसांत 80 लाख प्रती गेल्या आणि महिन्याभरात 1 कोटीचा टप्पा पार झाला. मग एप्रिल ते जून या तिमाहीत तो 5 लाखांच्याही आत अडकला. पीसीवर गेम नीट चालत नाही, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. मला ही घसरण त्या एका वर्षापेक्षा पुढच्या पाच वर्षांसाठी जास्त काळजीची वाटते, कारण आजचा नवा गेमच उद्याचा जुना गेम असतो. ज्याच्याबद्दल लोकांचं मत बिघडलं, तो स्वस्त केल्यावरही तितका उचलला जात नाही. कंपनीला वर्षाला 10 कोटी प्रतींपर्यंत पोचायचं आहे, म्हणजे मार्च 2025 ला संपलेल्या वर्षातल्या विक्रीच्या जवळजवळ दुप्पट. 'रेसिडेंट इव्हिल' आणि 'मॉन्स्टर हंटर' या दोनच मालिकांवर एवढा भार टाकता येईल का, यावर तुझं स्वतःचं मत लिही. माझं मत विचारशील तर तिसरी मोठी मालिका उभी राहिल्याशिवाय ते जमणार नाही. कंपनीच्याच 'स्ट्रीट फायटर' मालिकेचा चाहता निष्ठावान आहे, पण संख्येने तो या दोघींच्या जवळपासही नाही.

टिपण पुन्हा लिहिताना एक तक्ता कर. गेल्या पाच वर्षांत नव्या आणि जुन्या गेमच्या प्रती वेगवेगळ्या मांड. कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या अहवालात हे आकडे उघड मिळतात. प्रत्येक मोठा गेम आल्यानंतरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीसमोर खूण कर, पहिल्या आठवड्याच्या बातम्या बाजूला ठेव. मग अंदाज लिही, तोही एका वाक्यात आणि ठामपणे. चुकला तर चुकला. मुलाखतीत तो का बांधला, हे तुला सांगता आलं पाहिजे.

शुक्रवारपर्यंत पाठव, म्हणजे शनिवारी सकाळी फोनवर एकेक ओळ तपासू.

तुझा हितचिंतक